घरपट्टीची वाजंत्री

हिरामण मास्तर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. हे विधान मी जबाबदारीने करीत आहे. तहसील कचेरीच्या फाटकाशेजारी कडुनिंबाखाली माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे आणि टेबलासमोर पक्षकारांसाठी लाकडी बाक आहे. त्या बाकावर पुढारी बसले, पेन्शनीचे मास्तर बसले, सातपुड्यातून पहाटेच निघालेली माणसे येऊन बसली. हिरामण मास्तर मात्र येत, उजवा पाय बाकावर ठेवत, तो काढून डावा ठेवत, मग बाकाला एक फेरी घालून माझ्या पाठीमागून कागदात डोकावत. त्यांच्या सावलीने माझ्या अक्षरावर अंधार पडे.

‘‘मास्तर, बसा ना. मला दिसत नाही.’’

‘‘नको, रायटरभाऊ. मी बठना तं मन्हा दम बठी जाई.’’

ते बँडमास्तर होते. आमच्या तालुक्याच्या गावात त्यांच्या वडिलांनी बँड उभा केला आणि तो मास्तरांकडे आला. स्वतः मास्तर क्लॅरोनेट वाजवीत. वाद्याची वेताची पत्ती ओली राहावी म्हणून ती ते तोंडाच्या कोपऱ्यात धरून ठेवीत आणि दुसऱ्या कोपऱ्यातून बोलत. त्यामुळे अनोळखी माणसाला हा गृहस्थ आपल्याशी तुसडेपणाने बोलतो आहे असे वाटे. बोलताना त्यांची बोटे शर्टाच्या बटणांवर सारखी खालीवर चालत. भाजी घेताना, दवाखान्याच्या रांगेत, मयताच्या अंगणातसुद्धा चालत. एकदा एका भाऊबंदाच्या दहाव्याला त्यांच्या बोटांकडे पाहून शेजारचा म्हातारा म्हणाला, ‘‘हिरामन, आठे तरी बंद ठेव.’’ मास्तरांनी दोन्ही हात खिशात घातले. मग खिसे हलू लागले.

माझे स्वतःचे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु मुद्दा मांडण्याची विद्या पदवीने येत नाही, हे मी काळ्या कोटातल्या अनेकांना त्यांच्या तोंडावर दाखवून दिलेले आहे. तेव्हा मास्तर आपले सर्व कागद माझ्याकडेच आणीत यात नवल नव्हते. ज्या कागदामुळे हे लिहिणे भाग पडले तो मात्र त्यांनी फार उशिरा आणला. बहुतेक जण असेच करतात. नोटीस आली की ती देवघरात ठेवतात.

प्रकरण असे होते. महामारीच्या काळात दोन लग्नसराया बुडाल्या. त्यानंतर लग्ने सुरू झाली, पण अर्ध्या लोकांनी डीजेची गाडी धरली. मास्तरांची घरपट्टी आणि पाणीपट्टी तुंबत गेली. घर म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत वाद्ये. ढोल, ताशे, ट्रम्पेट, खुळखुळे भिंतीच्या खुंट्यांना टांगलेले असत आणि खाली माणसाला पाय ठेवायला जागा नसे. त्यांच्या पत्नी सुमनबाई रोज सकाळी आधी तुळशीला आणि मग मोठ्या ढोलाला कुंकू लावीत. पाहुण्यांनी अडचणीबद्दल काही म्हटले तर त्या म्हणत, ‘‘घरमा वाजा शे म्हनीसन घर शे.’’

पालिकेचे वसुली पथक दारात आले तेव्हा त्यांना त्या घरात जप्त करण्याजोगे दुसरे काही दिसले नाही. पथकाचे साहेब परजिल्ह्यातून बदलून आलेले, तरुण, सदा घाईत असलेले गृहस्थ होते. त्यांनी खुंट्यांकडे पाहिले आणि लिपिकाला म्हणाले, ‘‘हे सगळं लिहून घ्या.’’

तेव्हा कुठे मास्तर माझ्याकडे धावत आले. मी टेबल झाकले आणि गेलो. कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत, त्याचे अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी जशी सोडावी लागतात तशीच तीही सोडावी लागतात, हा मुद्दा मी दारातच मांडला. साहेबांनी तो शांतपणे ऐकला.

‘‘हत्यार म्हणजे करवत, रंधा. ही बँड पार्टी आहे. धंद्याचं भांडवल आहे,’’ ते म्हणाले. मग काहीतरी सुचल्यासारखे त्यांनी मास्तरांकडे पाहिले. ‘‘तुम्ही वाजवता कसं?’’

‘‘लोके बलावतस म्हनजे बरंच वाजाडत व्हसू.’’

त्या वर्षी मार्चअखेरच्या वसुलीसाठी थकबाकीदारांच्या दारात वाजंत्री वाजवायचे पालिकेने ठरवले होते. इतर गावांतही तसे चालू होते. चारचौघांत लाज वाटली की माणूस पैसे भरतो, असा त्यामागचा हिशोब होता. साहेबांनी मास्तरांपुढे प्रस्ताव ठेवला. मास्तरांनी पथकाबरोबर वाजवायचे. मजुरी त्यांच्या थकबाकीत वळती होईल. आखाजीनंतर उरलेल्या रकमेचे पाहू, तोपर्यंत वाद्यांना कोणी हात लावणार नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लग्नांचा कळस. म्हसावदपासून सारंगखेड्यापर्यंत मास्तरांच्या सुपाऱ्या ठरलेल्या होत्या. वाद्ये तोपर्यंत खुंटीवर राहिली तर वर्ष निघणार होते. ती गेली तर मास्तरांबरोबर त्यांच्या साऱ्या साथीदारांच्या चुली अडचणीत येणार होत्या. मास्तरांनी घरात दोन फेऱ्या मारल्या. सुमनबाईंकडे पाहिले. ढोल वाजवणारा खेमा धडगावकडचा पावरा होता. तो फार बोलत नसे. मास्तरांनी त्याच्याकडेही पाहिले. मग म्हणाले, ‘‘वाजाडसूत.’’

पहिला दिवस मला स्वच्छ आठवतो, कारण कुतूहलाने मीही मागोमाग गेलो होतो. पुढे लिपिक, त्यामागे साहेब, त्यामागे लाल कोट घातलेले मास्तर आणि मंडळी. पहिले घर मिरचीच्या एका अडत्याचे होते. नंदुरबारच्या बाजारात त्याची उठबस. घराशेजारी त्याच्या सुकत घातलेल्या मिरच्यांचा लालभडक पसारा, आणि वारा नेमका आमच्याकडे वाहत होता. लिपिक शिंकू लागला. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. ट्रम्पेटवाल्याला खोकल्याने फुंक धरवेना. मास्तरांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होते, पण क्लॅरोनेटचा सूर तुटला नाही. त्यांनी वरात उंबऱ्याशी आल्यावर वाजवतात ती चाल धरली होती. गल्लीतल्या बाया माळवदांवर आल्या. दोन म्हाताऱ्यांनी तालावर मान डोलावली.

तेवढ्यात घरातून अडत्याची बायको बाहेर आली. तिच्या हातात ताट होते. ताटात कुंकू, तांदूळ, नारळ. तिने पुढे होऊन आधी खेमाच्या ढोलाला कुंकू लावले, मग क्लॅरोनेटच्या तोंडाला बोट टेकवले आणि नारळ मास्तरांच्या हातात दिला.

साहेब पुढे झाले. ‘‘बाई, हे लग्न नाही. तुमची घरपट्टी थकली आहे. हे त्यासाठी आहे.’’

‘‘ते माले समजनं, साहेब. लिखेल शे तुमना कागदवर.’’ तिने ताट खाली केले नाही. ‘‘पन वाजा कोनाबी ऱ्हावो. दारमा उना तं त्याले रिकामा धाडतस का? तुमना तथे धाडत व्हतीन.’’

माळवदांवर हशा पिकला. साहेबांचा चेहरा त्या मिरच्यांसारखा झाला. पुढच्या घरी जाण्याआधी त्यांनी मास्तरांना कोपऱ्यात घेतले. म्हणाले, असे आनंदाचे वाजवाल तर वसुली व्हायची कशी? काहीतरी उदास वाजवा, ऐकणाऱ्याला बरे वाटू नये असे.

मास्तरांनी पत्ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. ‘‘साहेब, जित्ता मानूसना दारमा रडानं वाजाडतस नही.’’

‘‘मग वाईट वाजवा. बेसूर.’’

मास्तरांनी साहेबांकडे असे पाहिले की जणू साहेबांनी भाकरीत माती कालवायला सांगितली होती. त्यानंतर साहेबांनी चालीचा विषय काढला नाही.

एक मान्य केले पाहिजे की वसुली झाली. अडत्याने दुसऱ्याच दिवशी पैसे भरले. बायकोने ओवाळले म्हणून भरले की गल्ली हसली म्हणून भरले, ते त्यालाच ठाऊक. मात्र गावाची नजर मास्तरांवर बदलली. चहाच्या टपरीवर टोमणे सुरू झाले.

‘‘काय मास्तर, आज कोना घरनी वरात?’’

‘‘तुन्हा घरनी बी येई. पट्टी भरेल शे का?’’

मास्तर हसून उत्तर देत, पण चहा अर्धा ठेवून निघत. ज्यांच्या दारात त्यांनी वाजवले, त्यांतल्या दोघांनी आखाजीच्या सुपाऱ्या काढून घेतल्या. सुमनबाई पाण्याला गेल्या तर नळावरच्या बाया गप्प होऊ लागल्या. मास्तरांचे चालणे वाढले. सकाळी मी टेबल मांडायला येई तेव्हा ते रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालताना दिसत, आणि संध्याकाळी टेबल उचलताना पुन्हा तसेच. मला काही विचारायचे असे, पण विचारण्याआधीच ते पुढे निघून गेलेले असत.

एक गोष्ट मात्र मला या दिवसांतच समजली. मास्तरांना गाव घरांच्या नंबरांनी ओळखता येत नव्हते, लग्नांनी येत होते. साहेबांनी यादीतला नंबर वाचला की लिपिक गोंधळून दोन्हीकडे पाही. मास्तर नाव विचारून म्हणत, ‘‘चला. त्याना लगीनमा घोडी बिथरनी व्हती. सारंगखेडानी घोडी, नवरदेवले लईसन पळनी, आम्ही मांगे वाजाडत पळनूत. ते घर.’’ आणि पथक नेमके तिथे पोहोचे. एका दारात त्यांनी वाजवायच्या आधी सूर पुन्हा पुन्हा लावून पाहिला. साहेबांनी उशीर का, असे विचारले. ‘‘आठे नवरी लई रडनी व्हती,’’ मास्तर म्हणाले, ‘‘आते ती म्हातारी व्हयनी. आईकी ऱ्हायनी व्हई आतमा.’’ ते दार कोणी उघडले नाही. पण आतली म्हातारी खिडकीच्या पडद्यामागे होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

आता ज्या घटनेने सारे बिघडले तिच्याकडे येतो. त्या दिवशी मी पंच म्हणून पथकाबरोबर होतो. जप्तीच्या पंचनाम्यावर गावातल्या दोघा जबाबदार माणसांच्या सह्या लागतात, आणि माझी सही कोणत्याही कार्यालयात ओळखली जाते.

गल्ली जुन्या पेठेतली होती. तिथे आण्णांचे घर आहे. आण्णा म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ. त्यांची थकबाकी गल्लीतल्या कोणाहीपेक्षा मोठी होती, हे सर्वांना ठाऊक होते, आणि पथकाला त्यांच्या दारात थांबायचे नाही असा निरोप होता, हेही सर्वांना ठाऊक होते. साहेबांनी एक घर घेतले, दुसरे घेतले, आणि आण्णांच्या दारापाशी येताच पाऊल उचलून पुढे निघाले. लिपिक पाठोपाठ निघाला. मीही निघालो.

मास्तर थांबले.

त्यांनी आण्णांच्या उंबऱ्याकडे तोंड केले आणि चाल धरली. खेमाने क्षणभर साहेबांच्या पाठीकडे पाहिले, मग मास्तरांकडे पाहिले, आणि ढोलाची साथ दिली. साहेब मागे धावत आले. ‘‘अहो, हे घर नाही, हे घर नाही,’’ असे ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते, कारण मोठ्याने म्हणणे शक्य नव्हते. सारी गल्ली दारांत उभी होती.

आण्णा बाहेर आले. पांढरे शुभ्र धोतर, हातात वर्तमानपत्र.

‘‘हिरामन, तू मन्हा दारमा काय वाजाडी ऱ्हायना, तुले माहीत शे का?’’

मास्तरांनी क्लॅरोनेट खाली घेतले. ‘‘माहीत शे, आण्णा. तुमना लगीनमा मन्हा बापनी बी हाईच वाजाडेल व्हतं.’’

कोणीतरी हसले. आण्णा हसले नाहीत. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले.

परत येताना मी मास्तरांना बाजूला घेऊन विचारले की हा शहाणपणा तुम्हाला कोणी शिकवला. त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. ते चालता चालता म्हणाले, ‘‘वरात निंघनी तं गल्लीनं घर सोडानं नही, रायटरभाऊ. सोडं तं त्या घरना लोके नाराज व्हतस. म्हनतस, आमना दारमा काब्र नही वाजाडं?’’

‘‘पण ही वरात नव्हती. ही वसुली होती.’’

‘‘ते कागदमा,’’ मास्तर म्हणाले. ‘‘गल्लीमा तं वाजाच व्हता.’’

गावाला हे पटले नाही. टपरीवर दुसऱ्या दिवसापासून मास्तरांची वाहवा सुरू झाली. आण्णांना दाखवून दिले, भर गल्लीत उघडे पाडले, असे लोक बोलू लागले. ज्यांनी सुपाऱ्या काढून घेतल्या होत्या तेच त्यांना चहा पाजू लागले. मास्तर गोंधळून सर्वांना सांगत फिरले की आपल्या मनात तसे काही नव्हते, आण्णांच्या घराला मान दिला होता. जितके ते सांगत तितके लोक डोळा मारीत.

साहेब माझ्याकडे आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावर वरून दाब होता आणि बदलीची भीती होती. त्यांनी मार्ग सुचवला. मास्तरांनी एका कागदावर लिहून द्यावे की त्या दारात वाजवणे चुकून झाले. तो कागद आण्णांना दाखवता येईल, आण्णांचे समाधान होईल, आणि आखाजीपर्यंत ठरल्याप्रमाणे चालू राहील. मला हा मार्ग निर्दोष वाटला. मी मजकूर तयार केला. भाषा अशी ठेवली की कोणाचाच मान जाऊ नये. ‘सदर ठिकाणी वादन होणे ही बाब अनवधानाने घडली असून त्यामागे अन्य हेतू नव्हता,’ इतकेच.

मास्तर आले. एक पाय बाकावर, मग दुसरा. मी मजकूर वाचून दाखवला.

‘‘अनवधान म्हनजे काय?’’

‘‘म्हणजे चुकून. लक्ष नसताना.’’

त्यांनी पत्ती तोंडातून काढून हातात घेतली. बोलण्यासाठी त्यांनी ती काढलेली मी प्रथमच पाहिली. ‘‘चुकीसन नही वाजाडं. नीट वाजाडं. खेमाले इचारा.’’

‘‘मास्तर, तुम्ही नीट वाजवले की नाही हा प्रश्न नाही. एक सही करायची आहे. सही केली तर वाद्ये राहतात.’’

‘‘आते सही करी, मंग सर्वा गाव म्हनी, हिरामन मास्तर आण्णाना दारमा चुकना.’’ ते टेबलाभोवती फिरले. पुन्हा फिरले. मी कागद त्यांच्यापुढे धरूनच होतो. त्यांनी पेन घेतले, पेनाची टोपी काढली, टोपी लावली. माझ्या लक्षात आले की हा माणूस खरोखर सही करू पाहत आहे आणि त्याला ती करता येत नाही. सुमनबाई रस्त्यापलीकडे पदर धरून उभ्या होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान हलवली नाही, ना हो म्हणून, ना नाही म्हणून.

‘‘दुसरं काही बी लिखा,’’ मास्तर अखेर म्हणाले. ‘‘लिखा, हिरामन येडा शे. त्यावर करस मी सही.’’

तसे काही लिहिता येत नव्हते. त्याने काम झाले नसते.

जप्ती दोन दिवसांनी झाली. गल्लीतला एकही माणूस पंच व्हायला तयार होईना. शेवटी दुसऱ्या पेठेतून दोघे आणले. त्याआधी मलाही विचारले गेले. मी नकार दिला आणि त्याऐवजी मास्तरांचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिलो. कारागिराच्या हत्यारांचा माझा अर्ज मी लेखी तयार ठेवला होता, आणि तो घेतल्याशिवाय एकही खुंटी रिकामी होऊ देणार नाही, असे बजावले. साहेबांनी फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलले, आणि परत येऊन निर्णय दिला. मास्तर स्वतः क्लॅरोनेट वाजवतात, म्हणून क्लॅरोनेट त्यांचे हत्यार. ते सोडले. बाकीची वाद्ये इतर माणसे वाजवतात, ती धंद्याचा माल. ती घेतली.

कायद्याच्या दृष्टीने हा माझा अर्धा विजय होता. मी तसे मास्तरांना सांगितलेही. ते दारात उभे होते. पालिकेच्या ट्रॅक्टरमध्ये एकेक वाद्य चढत होते आणि प्रत्येक वेळी मास्तर पुढे होऊन मजुराच्या हातातला कपडा नीट करीत. ‘‘तोंड वर ठेव. ट्रम्पेटनं तोंड वर.’’ ढोल नेताना सुमनबाईंनी मजुरांना थांबवले, आत गेल्या, आणि सकाळी लावलेले असूनही त्याला पुन्हा कुंकू लावले. खेमा कुंपणापाशी उभा होता. त्याने ट्रॅक्टर निघेपर्यंत पाहिले आणि मग एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागला.

ट्रॅक्टर वळल्यावर मास्तर माझ्याकडे वळले. ‘‘तुमी माले वाचाडं, रायटरभाऊ. पन आते हाऊ एकला वाजा लईसन मी काय करू? गाया चारू का?’’

आखाजी आली आणि गेली. सुपाऱ्या दुसऱ्या बँडांनी घेतल्या, डीजेने घेतल्या. आण्णांच्या मुलाचे लग्न झाले, त्यातही डीजे होता. मास्तरांचे साथीदार पांगले. कोणी नंदुरबारला रिक्षा धरली. खेमा दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेला. पालिकेने वाद्यांचा लिलाव पुकारला तेव्हा मी मुद्दाम हजर राहिलो. दोंडाईच्याकडचे आणि नवापूरकडचे बँडवाले आले होते. त्यांनी ढोलावर बोटे वाजवून पाहिली, ट्रम्पेट उन्हात धरून पाहिले. माल चांगला आहे असे आपसांत म्हणाले. बोली मात्र एकानेही लावली नाही. त्यांतल्या वयस्क माणसाला मी कारण विचारले. त्याने ढोलावरच्या कुंकवाकडे बोट केले. ‘‘दुसराना घरनं कुकू शे त्यावर. हाई वाजाडीसन कोना लगीनमा जावानं?’’

अखेरीस नाममात्र बोलीवर वाद्ये पालिकेनेच ठेवून घेतली आणि ती गोदामात गेली.

त्या वर्षभरात मास्तर मला क्वचित दिसले. मंदिरातल्या भजनी मंडळात वाजवतात, असे कळले. मग तेही थांबल्याचे कळले, कारण एकाच ठिकाणी मांडी घालून बसायचे त्यांना जमेना. काही दिवस ते एका मंगल कार्यालयात पाहुण्यांच्या गाड्या लावायचे काम करीत. बोलत कमी. पाहणाऱ्याला ते न थांबता कुठूनतरी कुठेतरी निघालेले दिसत, पण कुठे ते सांगता येत नसे.

पुन्हा मार्च आला. साहेब बदलून गेले होते, नवे साहेब आले होते, आणि गोदामात एक बँड पडून आहे हे नव्या साहेबांच्या लक्षात आले होते. एका सकाळी माझ्या टेबलासमोरच्या रस्त्यावर पथक आले. बरोबर पालिकेचा एक रोजंदारी मजूर होता आणि त्याच्या गळ्यात खेमाचा ढोल. बाकीची वाद्ये वाजवणारे कोणी नव्हते. ढोल पुरे, असे ठरले असावे. माझ्या समोरच्या घरी, जिथे शिवणकाम करणारी एक विधवा राहते, पथक थांबले आणि मजूर ढोल बडवू लागला. त्याला ताल नव्हता. सतरंजी झटकावी तसा तो मारीत होता.

मास्तर कुठून आले मला कळले नाही. पण ते धावत आले होते, छाती वरखाली होत होती, आणि हातात क्लॅरोनेट होते. त्यांनी मजुराचा हात वरच्यावर धरला.

‘‘थांब भाऊ. थांब. एकला ढोल दारमा वाजाडतस नही. एकला ढोल मयतमा ऱ्हास. आतमा बाई शे, जित्ती शे.’’

नवे साहेब म्हणाले, ‘‘मास्तर, यंदा बँडसाठी तरतूद नाही. पैसे मिळणार नाहीत.’’

‘‘पयसा कोनी मांगा?’’

त्यांनी ढोल मजुराच्या गळ्यातच ठेवून त्याची दोरी ताणली, कातड्यावर कान ठेवला, पुन्हा ताणली. मजुराच्या हातातली काठी कुठे धरायची ते दाखवले. मग क्लॅरोनेट तोंडाला लावले. घराचे दार उघडले. ती बाई उंबऱ्यात आली आणि तिने मास्तरांना ओळखले.

‘‘मास्तर, तुमी? त्यासना संगे? लाज नही वाटत का?’’

मास्तरांच्या तोंडात वाद्य होते. तिने आणखीही काही सुनावले. त्यांनी डोळे मिटले, पण चाल संपूर्ण वाजवली, आणि संपल्यावर तिला वाकून रामराम केला. तिने रामराम घेतला नाही. पथक पुढे निघाले.

माझ्यासमोर त्या वेळी तोरणमाळच्या बाजूने आलेला एक म्हातारा बाकावर बसला होता. त्याला वनहक्काचा अर्ज करायचा होता. तो मान वळवून ऐकत होता.

‘‘कोनं लगीन शे?’’ त्याने विचारले.

मी रस्त्याकडे पाहिले. पुढे साहेब आणि लिपिक यादी पाहत चालले होते. त्यांच्यामागे मास्तर मजुराच्या समोर उलटे चालत होते, पाठीमागे रस्त्यावर काय आहे ते न पाहता. तोंडात क्लॅरोनेट होते आणि पायाने ते डांबरावर ताल देत होते, त्या माणसाला कळावा म्हणून. मजुराची काठी दोनदा चुकली. तिसऱ्यांदा ती नेमकी मास्तरांच्या पायाबरोबर पडली. मास्तरांनी मान हलवली, आणि तसेच उलट्या पावलांनी ते वळणाआड गेले.

‘‘सांगा ना, कोनं?’’ म्हातारा म्हणाला.

मी त्याचे नाव विचारले आणि अर्ज लिहायला घेतला.